तळटीप : स्पर्धेच्या पॅराग्लायडरचे माप

मूळ लेखात ‘लहान मापाचा पंख’ असा जो उल्लेख आला आहे, त्याचा खुलासा असा : पॅराग्लायडरचे माप वैमानिकाच्या उंचीवरून नव्हे, तर वैमानिक, त्याचे आसन, राखीव छत्री आणि खुद्द पंख यांच्या एकत्रित वजनावरून मुक्रर होते, आणि वेग प्रति चौरस मीटर भाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्याकारणाने, भार 21 टक्क्यांनी वाढविला असता वेग सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो. सबब स्पर्धक पाण्याच्या पिशव्या बांधून वजनमर्यादेचे वरचे टोक गाठतात. हलक्या अंगाच्या वैमानिकावर, विशेषतः स्त्रियांवर, यात अन्याय होतो. कारण पंख लहान केला तरी दोऱ्यांचा व देहाचा वायुरोध त्या प्रमाणात घटत नाही. पांढरकवड्याच्या काळ्या रानातून वैशाखात उठणारी वावटळ ज्याने पाहिली आहे, त्यास तापल्या हवेचा जोर निराळा सांगावयास नको. अशा हवेत लांबट, निमुळता पंख दूरवर तरंगतो खरा, परंतु मिटला म्हणजे सावरणे महाकठीण. 2011 साली स्पेनमधील पिएद्राइता येथील जागतिक स्पर्धेत दोन वैमानिक दगावले, तेव्हा खुल्या वर्गाचे पंख बाद ठरले. पुढे जारी झालेल्या स्पर्धावर्गाच्या नियमांत पंखविस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ हे गुणोत्तर 7.9 पर्यंतच ठेवण्याची मुभा मिळाली. मर्यादा उशिरा आली, पण रास्त आहे. कामशेतच्या टेकड्यांवर धडे गिरविणाऱ्या वाचकाने या वर्गाच्या वाटेस तूर्त जाऊ नये. — संपा.