फुसका बार : काडतुसाच्या दोषांचा एक इतिहास

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण राजकीय भाषणापासून पडलेल्या नाटकापर्यंत सर्वत्र वापरतो. त्यामागे एक तांत्रिक दोष उभा आहे, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. ‘बार भरणे’, ‘ठासून भरलेला’ हेही त्याच कुळातले शब्द. ठासणीच्या बंदुकीच्या काळात दारू मोजणारा, गोळी ठासणारा आणि बार काढणारा हात बहुधा एकच असे. म्हणून बार फुसका गेला तर दोष कोणाचा, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पोर्तुगिजांच्या भाषेतून आलेल्या ‘काडतुसा’ने हे ऐक्य मोडले. दारू आणि गोळी कारखान्यातून एकत्र बांधून येऊ लागली, आणि करणारा व वापरणारा यांच्यात अंतर पडले.

हे अंतर बुजवण्याचा एक प्रयत्न 19व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून आणायची, घरीच तिच्यात नवी टोपी, दारू आणि गोळी बसवायची. दुकाने दूर होती आणि पितळ महाग होते. विंचेस्टरसारखी कंपनी त्यासाठीची हत्यारेही विकत असे. 1884 साली जॉन बार्लो याने कनेक्टिकटमध्ये ‘आयडियल’ हा खास अशा हत्यारांचाच कारखाना काढला. पुढे या गृहोद्योगाच्या मार्गदर्शिका निघाल्या; फिलिप शार्प याचा 1937 सालचा ग्रंथ त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. या वाङ्मयात दोषांचे प्रकरण हटकून असते : लक्षण, कारण, उपाय. आपल्याकडील निदानग्रंथांची आठवण व्हावी अशीच ही मांडणी. लेखनिकाच्या चुकांवरून पाठचिकित्सक पोथ्यांची वंशावळ लावतो, तद्वत ही दोषयादी इतिहासाचे साधन म्हणून वाचता येईल, असे आम्हांस वाटते.

पहिला दोष : जुनी टोपी निघत नाही. टोपी म्हणजे आघाताने पेटणारा तळाचा भाग. 1866 साली तिच्या दोन रचना पुढे आल्या. वूलिच येथील इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याने ऐरण टोपीतच बसवली. त्यामुळे पुंगळीच्या तळाशी मध्यभागी एकच छिद्र पुरले, आणि सळई घालून जुनी टोपी ढकलणे सोपे झाले. अमेरिकन हायरम बर्डन याने ऐरण पुंगळीच्याच तळात घडवली आणि बाजूला लहान छिद्रे ठेवली. तेथे सळई शिरत नाही. गंमत अशी की, इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. घरी पुंगळी भरणाऱ्याची सोय कोणत्या देशात जपली गेली, हे एवढ्याशा छिद्रावरून कळते.

दुसरा दोष अधिक घातक. काळी दारू पुंगळीत जवळजवळ काठोकाठ भरावी लागे. चुकून दोनदा ओतली तर ती सांडे आणि चूक डोळ्यांना दिसे. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूरविरहित दारू सिद्ध केली. तिचे बळ इतके की, रिव्हॉल्व्हरच्या जुन्या ऐसपैस पुंगळीचा लहानसा भागच तिने भरतो. साहजिकच दुप्पट दारूही आत निमूट मावते, आणि चक्राच्या चिंधड्या उडू शकतात. उलट दारू घालायचीच राहिली, तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकते. हाच खरा फुसका बार. त्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणूनच भरलेल्या पुंगळ्या फळीत उभ्या करून उजेडात एकेकीत डोकावून पाहण्याचा नियम रूढ झाला. पदार्थ बदलला, परंतु हाताची सवय जुनीच राहिली. दोष जन्मतो तो या फटीत.

तिसरा दोष गोळीच्या पकडीचा. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळीची कड गोळीवर घट्ट वळवली नाही, तर धक्क्याने शेजारच्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र अडते. 1911 साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या पिस्तुलात मात्र काडतूस पुंगळीच्या तोंडावरच टेकते. तेथे कड अधिक वळवली तर ते प्रमाणाबाहेर आत जाते. एका यंत्राचा उपाय दुसऱ्याचा रोग ठरतो.

चौथा दोष पितळाचा. जुन्या टोप्यांतील पारा पितळाला ठिसूळ करी. पुन्हा भरलेली पुंगळी मग फाटे. मात्र पितळ तडकण्याचे प्रसिद्ध उदाहरण हिंदुस्थानातले आहे. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली इंग्रजी फौजेची काडतुसे न झाडताच चिरफळत. हा ऋतूचा दोष मानला गेला. घोड्यांच्या मुत्रातून सुटणारा अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळात कोंडलेला ताण, ही कारणे 1921 साली स्पष्ट झाली. मंद आच देऊन ताण सोडवणे हा उपाय.

परंतु प्रत्येक दोष पदार्थात नसतो. 1857 च्या जानेवारीत डमडम येथे एन्फील्डच्या काडतुसाच्या चरबीविषयी संशय उठला. सरकारने शिपायांना स्वतःचे तेल-मेण लावण्याची मुभा दिली, पुढे काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याची सवलतही दिली. तांत्रिकदृष्ट्या दोष दूर झाला होता. तरीही संशय चरबीवरून कागदावर सरकला, आणि 24 एप्रिल रोजी मीरतच्या 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसे नाकारली. करणाऱ्यावरचा विश्वास उडाल्यावर वस्तू दुरुस्त करून भागत नाही.

पुढे 1869 साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि 1878 च्या कायद्याने शस्त्रांची निर्मिती परवान्याखाली आली. 1959 च्या कायद्यानेही ते बंधन राखले. त्यामुळे अमेरिकेत जे ज्ञान माळ्यावरच्या मेजावर वाढले, ते आपल्याकडे कारखान्याच्या भिंतीआड राहिले. हे बंधन योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. मात्र त्याची खूण भाषेत उरली आहे : ज्या कसबातले दोष आपण स्वतः निस्तरत होतो त्याचे शब्द, ‘बार’ आणि ‘ठासणे’, अद्याप आपल्या तोंडी खेळतात, जे तयार होऊन हाती आले त्याचे नावही परक्या भाषेतून आले, आणि त्याच्या दोषांना मराठीत स्वतःचे नाव लाभलेच नाही.