भूचित्रांची अस्सल प्रत व नक्कल

अस्सल कागद आणि त्याची नक्कल यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मोडी पत्राचें बाळबोध लिप्यंतर कितीही काळजीनें केलेलें असलें, तरी एखाद्या रकमेविषयीं किंवा तिथीविषयीं वाद उत्पन्न होतांच आपण रुमाल सोडून मूळ पत्र पाहूं लागतों. हाच न्याय ज्यास लावला पाहिजे असा एक निराळ्या जातीचा लेखसंग्रह गेल्या कांहीं दशकांत नागपुरांत वाढला आहे. तो कागदाचा नसून अंकांचा आहे, एवढाच फरक.

१९७६ सालीं स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्यूरो, १९८८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, आणि भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचें मध्य विभागाचें प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र, अशा तीन संस्था या एका नगरांत आहेत. भूमि, जल व वनें यांची उपग्रहानें टिपलेली नोंद हें त्यांच्या कामाचें मुख्य साधन होय. ता. १७ मार्च १९८८ रोजीं आयआरएस-१ए हा आपल्या देशाचा या कामाचा पहिला नियमित उपग्रह बैकोनूर येथून सोडण्यांत आला. तेव्हांपासूनच्या विदर्भाच्या भूमीचा इतिहास लिहूं पाहणारास ही नोंद टाळतां येणार नाहीं.

उपग्रहाकडून जें येतें त्यास आपण चित्र म्हणतों; परंतु वस्तुतः तो आंकड्यांचा पट असतो. भूमीच्या लहान लहान चौकटी कल्पून, प्रत्येक चौकटींतून किती प्रकाश परत आला याचा एकेक अंक मांडलेला असतो. आयआरएस-१ए वरील लिस-१ या यंत्राची चौकट ७२.५ मीटरांची होती व अंक ० पासून १२७ पर्यंत असत. प्रकाशाच्या चार पट्ट्यांसाठीं असे चार पट होत. त्यांपैकीं अवरक्त पट्टा मनुष्याच्या डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून पडद्यावर त्यास तांबडा रंग देण्याची चाल आहे. त्यामुळें दाट वन तांबडें दिसतें, आणि पाणी तो प्रकाश शोषून घेत असल्यानें अंबाझरीचा तलाव काळसर दिसतो. हा तांबडेपणा भूमीचा नव्हे, वाचणाराचा आहे. अंक हें मूळ पत्र व रंगीत चित्र हें त्याचें लिप्यंतर, असें समजावें.

लिप्यंतर उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु तेंच जपून मूळ टाकून दिलें म्हणजे तीन प्रकारें हानि होते. पहिला प्रकार अंक आंखूड करण्याचा. २०११ सालच्या रिसोर्ससॅट-२ या उपग्रहाचें लिस-३ हें यंत्र ० पासून १०२३ पर्यंत अंक देतें. नेहमींच्या पडद्यास एका रंगाच्या २५६ च छटा दाखवितां येतात. तेव्हां चित्र करितांना चार निरनिराळ्या अंकांचा एक अंक होतो, व तो पुनः फोडतां येत नाहीं.

दुसरा प्रकार जेपेगचा. १९९२ सालीं प्रमाण ठरलेली ही पद्धति छायाचित्रांसाठीं योजिलेली आहे. ती चित्राचे आठ चौकटी लांब व आठ चौकटी रुंद असे तुकडे पाडते, आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारा त्यांतील बारीक फेरफार टाकून देते. पूर्व विदर्भांतील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांच्या दृष्टीनें याचा अर्थ काय होतो तें पाहूं. लिस-१ च्या पटांत असा एक तुकडा ५८० मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारें साडेतेहेतीस हेक्टरांचा होतो. आठ हेक्टरांचा तलाव त्यांत अवघ्या पंधरा चौकटींचा. मालगुजारी १९५० च्या कायद्यानें गेली. पुढें अमुक तलाव किती आटला, किती बुजविला गेला, हें ज्या काठावरील चौकटींवरून ठरवावयाचें, त्यांचेच अंक अशा नकलेंत पुसट होतात.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. भूमि-उपयोगाच्या नकाशांत अंक हे मोजमाप नसून खुणा असतात. समजा, १ म्हणजे पाणी, २ म्हणजे शेत व ३ म्हणजे वन. जेपेगनें पाणी व वन यांच्या सीमेवरील अंक एकमेकांत मिसळले, कीं मध्यें २ उमटतो आणि नकाशांत कधींही नसलेलें शेत उत्पन्न होतें. लेखनिकाच्या हस्तदोषानें मूळांत नसलेला गांव पत्रांत शिरावा, तशांतलीच ही गोष्ट.

या कामास योग्य असें साधन उपलब्ध आहे. १९८६ सालीं आल्डस कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या टिफ या प्रकारांत अंक जसेच्या तसे राहूं शकतात. पोथीच्या आरंभीं श्रीकार असावा तशीं त्या फाईलच्या आरंभीं 'आय-आय' किंवा 'एम-एम' हीं दोन इंग्रजी अक्षरें असतात. अंकाचा कोणता भाग आधीं वाचावयाचा तें त्यांवरून कळतें. मग ४२ हा ठराविक अंक येतो. पुढें एका यादींत पटाची लांबी, रुंदी व अंकांची मर्यादा नोंदलेली असते. १९९० च्या दशकांत सिद्ध झालेल्या जिओटिफनें त्यांत चौकटीचें माप, नकाशाची प्रक्षेपणपद्धति व भूमीवरील स्थान यांची भर घातली. ही त्या लेखाची पुष्पिकाच होय. नागपूर यूटीएम पद्धतीच्या ४४ व्या पट्ट्यांत येतें व पुणें ४३ व्या. स्थानाचे तेच अंक प्रत्येक पट्ट्यांत पुनः येत असल्यानें पुष्पिकेवांचून पट कोठला हें सांगतां येत नाहीं.

मूळ जपल्याचें फळ काय, याचा दाखला परदेशांत आहे. ता. २३ ऑगस्ट १९६६ रोजीं लूनर ऑर्बिटर-१ या अमेरिकन यानानें चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वी टिपली. लोकांपुढें ती फिल्मवरील नकलांच्या रूपानें आली, व त्यांत उजेड-अंधाराच्या पुष्कळ छटा लोपल्या होत्या. मूळ चुंबकीय फिती मात्र जतन झाल्या होत्या. २००८ सालीं जुनीं यंत्रें दुरुस्त करून त्या पुनः वाचतांच, बेचाळीस वर्षांपूर्वींचें तेंच दृश्य कितीतरी स्पष्ट होऊन बाहेर आलें.

हा प्रश्न केवळ उपग्रहाचा नाहीं. आपण पोथ्यांच्या व दफ्तरांच्या ज्या प्रतिमा घेतों, त्याही अशाच अंकांचे पट आहेत. पुसट शाई किंवा खोडलेलें अक्षर पुढें निराळ्या रीतीनें वाचावयाचें, तर तेच बारीक फेरफार हाताशीं असावे लागतात. म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, मूळ प्रतिमा अंक न गमावतां टिफमध्यें ठेवावी. पाहण्यासाठीं व पाठविण्यासाठीं जेपेग निराळी करावी. आणि ती नक्कल आहे, कोणत्या मूळावरून व कशी केली, हें तिच्यासोबत लिहून ठेवावें. मूळ शाबूत असलें म्हणजे आजचें वाचन चुकलें तरी उद्यांच्या अभ्यासकास तें सुधारतां येतें.