बॉनफायर

बॉनफायर हा इंग्रजी शब्द उघड्यावर मुद्दाम रचून पेटवलेल्या मोठ्या आगीसाठी वापरला जातो. उत्सव, विजयाचा आनंद किंवा नकोशा वस्तूंचे दहन हे तिचे नेहमीचे हेतू होत. अपघाताने लागलेल्या आगीला हा शब्द लावत नाहीत.

व्युत्पत्ती

फ्रेंच भाषेत 'बॉं' म्हणजे चांगला, म्हणून बॉनफायर म्हणजे शुभ अग्नी, अशी समजूत रूढ आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशात हीच व्युत्पत्ती दिल्याने तिला प्रतिष्ठा लाभली. तथापि ती चुकीची आहे. शब्दाचा पूर्वार्ध इंग्रजीच असून तो 'बोन', म्हणजे हाड, हा आहे. १४८३ सालच्या 'कॅथॉलिकॉन अँग्लिकम' या इंग्रजी-लॅटिन कोशात या शब्दाचा अर्थ 'हाडांचा अग्नी' असाच दिला आहे. त्याआधी चौदाव्या शतकात जॉन मर्क या धर्मोपदेशकाने सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, २३ जूनला, पेटवल्या जाणाऱ्या आगींचे तीन प्रकार सांगितले होते: नुसत्या हाडांची, नुसत्या लाकडांची आणि दोहोंची मिळून. यांपैकी पहिलीलाच तो बोनफायर म्हणतो. जळत्या हाडांच्या दुर्गंधीने ड्रॅगन दूर पळतात, अशी त्या काळी श्रद्धा होती. स्कॉटलंडमधील हॉइक गावी या वार्षिक आगीसाठी सुमारे १८०० सालापर्यंत जुनी हाडे साठवून ठेवत. पुढे जोडशब्दात 'बोन'मधील दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आणि त्यातले हाड ओळखू येईनासे झाले.

वापर

इंग्लंडमध्ये ५ नोव्हेंबरला 'बॉनफायर नाइट' साजरी होते. १६०५ साली संसदगृह उडवण्याचा गाय फॉक्स व त्याच्या साथीदारांचा कट उधळला गेला, त्याची ही आठवण असून या रात्री फॉक्सचा पुतळा जाळण्याची प्रथा आहे.

मराठीत या शब्दाला सर्वत्र चालेल असा एकच प्रतिशब्द नाही. शेकोटी ही थंडीत ऊब घेण्यापुरती, चार माणसांची. होळी मुळात फाल्गुन पौर्णिमेची. परंतु १९०५ साली पुण्यात आणि ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते मुंबईत परळ येथे विदेशी कापड जाळले गेले, तेव्हा मराठीने त्याला होळीच म्हटले. इंग्रजी लेखनात या घटनांसाठी बॉनफायर हा शब्द येतो. येथे मराठी शब्द अधिक समर्पक ठरतो, कारण अमंगल जाळून टाकण्याचा भाव होळीत आधीपासूनच आहे. पर्यटनस्थळांच्या जाहिरातींतील 'बॉनफायर' मात्र बहुधा शेकोटीच असते.