वॉटसन हॉटेल : लोखंडाच्या सांगाड्याची गोष्ट

काळा घोडा परिसरातून आपण कितीदा तरी जातो. तिथली एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी, खंगलेली इमारत बहुतेकांनी पाहिलेली असते. तिचं मूळ नाव वॉटसन हॉटेल. आज आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. ही इमारत वारसा आहे असं आपण म्हणतो, पण तिच्यात वारसा म्हणजे नेमकं काय?

आधी जागा बघू. एस्प्लनेड म्हणजे किल्ल्याच्या तटाबाहेरचं मोकळं मैदान. 1860च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, तट पाडला गेला आणि शहर बाहेर पसरू लागलं. आज शहराच्या ऐन मध्यात वाटणारी ही जागा तेव्हा शहराची वेस होती. नव्या मुंबईचा पहिला पाऊलखुणा तिथे उमटत होत्या.

या जागी जॉन वॉटसन यांनी हॉटेल काढलं. त्यांचा व्यवसाय कापडाचा. आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छताशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच हे ऑर्डिश. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून घेतल्या, जहाजाने मुंबईत आणल्या आणि इथे जोडल्या. मधल्या जागेत विटा भरल्या. 1860च्या दशकाच्या अखेरीस सांगाडा उभा राहिला. म्हणजे बघा, भिंती इथे भार घेत नाहीत, भार घेतो लोखंडी सांगाडा. पुढे जगभर उंच इमारती ज्या तत्त्वावर बांधल्या गेल्या, त्याचं हे एक फार लवकरचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे.

आता आठवणींकडे वळू. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ती इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरले होते. तीन वर्षांनी, 1899 मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादांनी मुंबईतल्याच हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला आणि म्हणून ताज उभं राहिलं, ही कथाही आपण ऐकतो. तिला भक्कम कागदी आधार नाही. पण 1903 मध्ये ताज उघडल्यावर वॉटसनची चमक ओसरली, हे खरं.

पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांच्या आणखी खोल्या झाल्या; वकिलांची कार्यालयं, छोटी दुकानं, बिऱ्हाडं आली. भाडी जुनीच राहिली, दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालकाला परवडेना, भाडेकरूला पेलवेना. मधल्या मध्ये इमारत झिजली. जून 2005 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंत घेतलं, आणि जुलैच्या सुरुवातीलाच दर्शनी भागाचा तुकडा कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी झाली.

त्यामुळे ‘वारसा वाचवा’ एवढी घोषणा पुरत नाही. खालून चालणाऱ्याचा जीव आणि वर राहिलेल्याचं घर, दोन्ही हिशोबात धरावं लागतं. पाडा म्हणणारे सगळे वारशाचे शत्रू असतात असंही नाही.

तरी आमचं म्हणणं असं आहे. पाहुण्यांच्या आठवणी पुस्तकात टिकतील, त्यासाठी इमारत लागत नाही. सिनेमाच्या पहिल्या खेळासाठी एक पाटी पुरेल. पण तो ओतीव सांगाडा पुस्तकात ठेवता येत नाही. तो पाडून काँक्रीटची हुबेहूब प्रतिकृती उभी केली, तर चेहरा राहील आणि मुद्दाच जाईल. म्हणून दुरुस्तीचा विचार रंगापासून नव्हे, खांबांपासून सुरू व्हायला हवा: कुठला खांब भार घेतोय, कुठला गंजलाय, नंतर चढवलेलं कुठलं वजन उतरवता येईल. आणि हा खर्च एकट्या मालकावर किंवा भाडेकरूवर टाकून भागणार नाही. वास्तू सगळ्यांची म्हणायची असेल, तर बिलातही सगळ्यांचा वाटा हवा.