श्वानदंश आणि लसीची टंचाई : रुग्णाने व कुटुंबीयांनी काय करावे?

सर्व भाविक व विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी

मंदिराच्या आवारात, यात्रेच्या वाटेवर आणि महाप्रसादाची पंगत उठल्यावर भटकी कुत्री जमतात, हे आपण नेहमी पाहतो. श्री दत्तात्रेयांच्या चरणांपाशी श्वान आहेत. मुक्या जनावरास घास घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि एखाद्या दिवशी त्याच जनावराचा दात लागला आणि दवाखान्यात ‘लस संपली आहे, दोन दिवसांनी या’ असे उत्तर मिळाले, तर पुढे काय करावयाचे, याची माहिती फार थोड्यांस असते. ती सर्वांस असावी, या हेतूने हा लेख देत आहोत.

ही टंचाई वेगळी का?

लसीची टंचाई आपणास नवी नाही. २०२१ च्या मे महिन्यात कोविडची लस अपुरी पडल्याने कर्नाटकात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबविण्यात आले होते. त्या वेळी अनेकांनी घरी राहून, मुखपट्टी वापरून आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली. कारण ती लस आजार होण्यापूर्वी घ्यावयाची होती.

रेबीजचे तसे नाही. येथे विषाणू शरीरात शिरल्यानंतर लस दिली जाते. विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकत असतो, आणि तो तेथे पोहोचण्यापूर्वी शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हावी लागते. बहुधा एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसतात. क्वचित आठवड्याभरातही दिसतात. लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने दगावत असावीत, असा अलीकडील राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. म्हणून ‘लस आली की जाऊ’ हा विचार येथे चालत नाही.

लस कमी का पडते?

टिळकवाडीचा ‘व्हॅक्सिन डेपो’ बेळगावकरांस ठाऊक आहे. एके काळी तेथे देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. रेबीजची लस मात्र आजही बाहेरून येते आणि ती बनविणारे कारखाने देशात मोजकेच आहेत. ती जिवंत पेशींवर वाढवावी लागत असल्याने एक खेप तयार होण्यास काही महिने जातात. त्यानंतर कसौली येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळेत तपासणी होते, आणि मगच ती बाजारात येते. त्यामुळे मागणी वाढली किंवा खरेदीच्या निविदेस विलंब झाला, तर तूट लगेच भरून निघत नाही. २०१८-१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकासह अनेक राज्यांत अशी टंचाई जाणवली होती.

पहिली पंधरा मिनिटे

पहिला उपचार घरच्या नळावर आहे आणि त्याची टंचाई कधीच नसते. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. साबणाने बराचसा विषाणू जखमेतच नष्ट होतो. तिखट, चुना, हळद, तेल, कॉफीची पूड यांपैकी काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये आणि शक्यतो टाके घालू नयेत.

अंगारा, उतारा किंवा गंडा यांनी मनास धीर येत असेल; परंतु विषाणूस अटकाव होत नाही. देवदर्शन अवश्य घ्यावे, मात्र दवाखान्यातून आल्यावर घ्यावे.

जखमेचे तीन प्रकार

१) जनावरास हात लावणे, खाऊ घालणे, धड असलेल्या कातडीवर त्याने चाटणे : लसीची आवश्यकता नाही.
२) किरकोळ ओरखडा, रक्त न आलेला चावा : लस ताबडतोब घ्यावी.
३) कातडी फाटून रक्त येणे, जखमेवर वा डोळ्या-तोंडावर लाळ लागणे : लस आणि सिरम (रेबीज इम्युनोग्लोब्युलिन) दोन्ही आवश्यक.

‘लस नाही’ असे उत्तर मिळाल्यास

अ) रिकाम्या हाताने घरी परतू नये. लस कोठे मिळेल हे तेथेच विचारावे, दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी व त्याच दिवशी तेथे जावे. पिरनवाडी परिसरातील रुग्णास बेळगावचे जिल्हा रुग्णालय (बिम्स) जवळ आहे. खानापूरच्या बाजूच्या रुग्णास तेथील तालुका रुग्णालय आहे. निपाणी भागातील रुग्णास बेळगावपेक्षा कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय जवळ पडते. अशा वेळी सीमा पाहू नये, जेथे लस आहे ते रुग्णालय आपले समजावे.

आ) शासकीय रुग्णालयांत ही लस विनामूल्य असते. तेथे न मिळाल्यास पहिली मात्रा औषधाच्या दुकानातून विकत घेऊन डॉक्टरांकडून टोचून घ्यावी व पुढील मात्रांसाठी शासकीय रुग्णालयात चौकशी चालू ठेवावी. एका वेळी एकच कुपी लागते. पाचही कुप्या आधीच विकत घेऊन घरी साठवू नयेत. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, म्हणून ती बर्फाच्या पिशवीसह न्यावी, परंतु गोठू देऊ नये.

इ) पहिली मात्रा एका कंपनीची आणि दुसरी अन्य कंपनीची असली तरी चालते. स्नायूत दिलेली लस पुढे कातडीत देण्याचा प्रसंग आला तरीही उपचार वाया जात नाही. एखादी तारीख चुकल्यास पहिल्यापासून आरंभ करण्याची गरज नाही. लस मिळताच राहिलेली मात्रा घेऊन क्रम पुढे चालू ठेवावा.

ई) उपचाराचे कार्ड जपून ठेवावे. त्यावर लसीचे नाव, मात्रेची तारीख आणि ती स्नायूत की कातडीत दिली, हे लिहून घ्यावे. सीमाभागात एक मात्रा कर्नाटकात व दुसरी महाराष्ट्रात घेण्याची वेळ आली, तर हेच कार्ड कामी येते.

एका कुपीत अनेकांचे रक्षण

स्नायूत लस देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी व त्यानंतर ३, ७, १४ व २८ व्या दिवशी एकेक पूर्ण कुपी लागते. कातडीत देण्याच्या पद्धतीत प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिलीलिटर लस दिली जाते. पहिला दिवस आणि ३, ७ व २८ वा दिवस अशा चारच भेटी होतात. भारतात २००६ साली मान्यता मिळालेली ही पद्धत तितकीच परिणामकारक आहे. एक मिलीलिटरच्या एका कुपीत पाच रुग्णांची एका दिवसाची मात्रा भागते. मात्र उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून एकाच कुत्र्याने गावातील तिघा-चौघांस चावा घेतला असल्यास सर्वांनी मिळून एकाच वेळी जावे. त्यामुळे लसीची नासाडी टळते.

‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती जुन्या लसीची आहे. ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

सिरम न मिळाल्यास

लस परिणाम दाखविण्यास काही दिवस घेते; तोपर्यंत जखमेत भरलेले सिरम रक्षण करते. ते लसीहूनही दुर्मीळ असते. ते नाही म्हणून लस थांबवू नये. लसीची पहिली मात्रा घेतल्यापासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येते. तेवढ्या मुदतीत शोध घ्यावा. साठा थोडा असल्यास डोके, मान व हात येथील चावे, खोल वा अनेक जखमा आणि ज्यांची प्रतिकारशक्ती दुर्बल आहे असे रुग्ण यांस अग्रक्रम असतो. अशा वेळी ओळख वा वशिला वापरून रांग मोडू नये. लहान मुलांना उंचीमुळे तोंडावर व मानेवर चावे बसतात, याचे भान सर्वांनी ठेवावे.

कुत्र्यास मारू नये

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. लस मात्र लगेच सुरू करावी. दहा दिवसांनंतरही कुत्रे धडधाकट असल्यास पुढील मात्रा थांबविण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात, व ती लस दुसऱ्याच्या उपयोगी पडते. कुत्र्यास मारून टाकल्यास हा मार्ग बंद होतो.

प्रसादाच्या दुधाविषयी

पिसाळलेल्या गाई-म्हशीचे दूध प्रसादात वा जेवणावळीत वापरले गेल्याचे कळल्यावर सारे गाव लस घेण्यास धावते, असे प्रसंग अनेक ठिकाणी घडले आहेत. उकळलेल्या दुधातून वा शिजविलेल्या अन्नातून रेबीज होत नाही. अशा वेळी लसीची आवश्यकता नसते. कच्चे दूध पोटात गेले असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भीतीपोटी शंभर जणांनी लस घेतली, तर दुसऱ्या दिवशी खरोखर चावा बसलेल्या बालकास ती मिळणार नाही. अफवा न पसरविणे हीदेखील सेवाच होय.

सारांश

जखम तत्काळ धुवावी. पहिली मात्रा त्याच दिवशी घ्यावी. सिरम सात दिवसांच्या आत मिळवावे. उरलेल्या मात्रा तारखेस पूर्ण कराव्यात. गरोदर माता, तान्ही बालके व वृद्ध यांनाही ही लस निर्धोकपणे देता येते. घरातील मुलांना एवढे अवश्य सांगून ठेवावे की, कुत्र्याने नुसते ओरखडले तरी ती गोष्ट लपवावयाची नाही आणि त्यासाठी कोणी रागावणार नाही. मुलाने भीतीने लपविलेल्या जखमेवर वेळेत उपचार होत नाहीत.

सर्व भाविकांनी ही माहिती आपल्या घरी व शेजारी अवश्य सांगावी, ही नम्र विनंती.