वारांच्या पेठांत बाजारहाट : शिरूर-दौंडकरांसाठी पुण्यातील बाजारांची ओळख

शिरूरचा आठवडे बाजार शनिवारी भरतो, तर दौंड तालुक्यातील यवतचा शुक्रवारी. भाजीपाल्यापासून शेळ्या-मेंढ्यांपर्यंतचे व्यवहार या भागात आजही वार पाहून होतात. मात्र लग्नाचा बस्ता, महाविद्यालयाची पुस्तके, तांब्या-पितळेची भांडी किंवा विजेचे सामान घ्यायचे झाले, की दोन्ही तालुक्यांतील अनेक कुटुंबे पुण्याची वाट धरतात. दिवसाचे काम बुडवून आणि प्रवासखर्च सोसून आलेल्या या ग्राहकाला एकाच दिवसात सारी खरेदी उरकायची असते. त्यामुळे कोठे काय मिळते, याची माहिती त्याच्यासाठी पैशाइतकीच मोलाची ठरते.

वारांची नावे कशी आली?

पुण्यातील पेठांची नावे शिरूर-दौंडकरांना परकी वाटू नयेत. ज्या वारी जेथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या पेठेला मिळाले, असे सांगितले जाते. आजची रविवार पेठ पूर्वी मलकापूर, शुक्रवार पेठ विसापूर, तर शनिवार पेठ मुर्तजाबाद म्हणून ओळखली जाई. शहर वाढले, बाजार रोजचा झाला आणि वार केवळ नावापुरता उरला. मात्र एकेका मालासाठी एकेक आळी, ही जुनी रचना बऱ्याच अंशी टिकून आहे. ती समजून घेतली, तर मध्यवस्तीतील गर्दीत वाट चुकत नाही.

कसे पोहोचाल?

दौंडहून पुणे रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर आहे. पुणे स्थानकावर उतरून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक गाठावे आणि तेथे गाडी बदलून मंडई स्थानकावर उतरावे. हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. शिरूर अर्थात घोडनदी येथे रेल्वे नाही. अहिल्यानगर रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून येणाऱ्यांना रामवाडीपासून मेट्रो धरता येते आणि पुढील रस्त्यावरील कोंडी टळते. एसटीचे शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलविण्यात आले होते. त्यामुळे परतीची गाडी कोठून सुटते, हे उतरतानाच विचारून ठेवावे.

मंडई आणि तुळशीबाग

महात्मा फुले मंडई हा या फेरफटक्याचा केंद्रबिंदू. पूर्वी शनिवारवाड्यासमोरील पटांगणात भाजीबाजार भरे. १८८६ मध्ये दगडी इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हटले जाऊ लागले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. पुढे त्यांचेच नाव मंडईला देण्यात आले. भाजीपाल्याचा घाऊक व्यापार कालांतराने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, मंडईत किरकोळ विक्री राहिली. आपल्या तालुक्यातील कांदा शहरात कोणत्या दराने विकला जातो, हे शेतकऱ्याला येथे प्रत्यक्ष पाहता येते.

मंडईपासून काही पावलांवर तुळशीबाग आहे. नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या राममंदिराभोवती हा बाजार वाढला. बांगड्या, रुखवताचे साहित्य, पूजेची भांडी, भातुकली आणि नित्याच्या वापराच्या असंख्य वस्तू येथे मिळतात.

आळ्या आणि जुना बाजार

बस्त्यासाठी लक्ष्मी रस्ता, पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, तर हत्यारे व किरकोळ घरगुती सामानासाठी रविवार पेठेतील बोहरी आळी, असा सर्वसाधारण नकाशा ध्यानात ठेवावा. तांब्याच्या भांड्यांसाठी कसब्यातील तांबट आळी प्रसिद्ध आहे.

मंगळवार पेठेतील जुन्या बाजाराने मात्र वार सोडलेला नाही. बुधवारी आणि रविवारी येथे जुनी हत्यारे, नाणी, पितळी वस्तू आणि यंत्रांचे सुटे भाग यांची विक्री चालते. मोबाइलसारखी वस्तू विनापावती घेण्याचा मोह टाळावा. चोरीचा माल जाणूनबुजून विकत घेणे हा गुन्हा आहे.

घासाघीस करताना

सकाळची पहिली विक्री म्हणजे ‘भवानी’. त्या वेळी भाव पाडून मागायचा आणि वस्तू न घेताच निघून जायचे, हे विक्रेत्याच्या जिव्हारी लागते. दोन-तीन ठिकाणी दर विचारूनच घासाघीस करावी. वजनकाट्यावर वैधमापन विभागाची मुद्रा आहे का, हे पाहावे. महाग वस्तूची पावती अवश्य घ्यावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविताना ती उपयोगी पडते.

जागेचा प्रश्न

या बाजारांतील स्वस्ताई पदपथावरील तीन-चार हातांच्या जागेवर उभी आहे आणि ती जागाच सर्वांत असुरक्षित आहे. २६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातील फॅशन स्ट्रीटला लागलेल्या आगीत शेकडो गाळे भस्मसात झाले. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१४ मध्ये कायदा केला. सर्वेक्षण करून प्रमाणपत्रे देईपर्यंत विक्रेत्यांना हटवू नये आणि शहर विक्रेता समितीत त्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद त्यात आहे. पादचाऱ्यांना रस्ता मोकळा हवा आणि विक्रेत्याला जागा हवी, हा तिढा मात्र केवळ कायद्याने सुटत नाही.

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केले. त्यातून शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरात भरू लागले. ज्या शहराच्या पेठांत वार केवळ नावापुरते उरले होते, तेथे वार ठरवून भाजी विकण्याची रीत अशा रीतीने पुन्हा आली. पुण्याला खरेदीसाठी येणाऱ्या शेतकरी कुटुंबाने अशा एखाद्या बाजारातही चक्कर मारावी. पुढच्या खेपेला तेथे ग्राहक म्हणून जायचे की पाटी घेऊन बसायचे, हे तेथील दर पाहूनच ठरविता येईल.