पुराआधीचा एक रविवार

दिंडी दरवाज्यातून आत शिरताना मान जरा खाली घ्या. नारायण पेठेतला वाडा आहे, १९६० सालचा ऑक्टोबर आहे आणि आज रविवार आहे. दसरा झाला, कोजागरी झाली, दिवाळी दहा दिवसांवर आली. चौकात मुलांनी किल्ल्यासाठी मातीचा ढीग आणून टाकलाय आणि बुरूज कुठे घालायचा यावरून त्यांची हमरीतुमरी चालली आहे. तुमची मैत्रीण ओट्याला सायकल टेकवून चाकात हवा भरते आहे. तुमच्यासाठीही तिने नाक्यावरच्या दुकानातून दिवसभराच्या भाड्याने एक लेडीज सायकल आणून ठेवली आहे.

"आज कुठलंही काम काढायचं नाही," ती बजावते. "फक्त येताना पणत्या आणायच्या. आईचं तेवढंच म्हणणं आहे."

निघण्याआधी मागच्या दाराने नदीवर एक चक्कर होते. पाऊस ओसरलाय, मुठेचं पाणी निवळलंय. बायका घाटाच्या पायऱ्यांवर गोधड्या आपटताहेत, दोन मुलं पाठीला डबा बांधून पोहायला शिकताहेत. पात्रातून रस्ता गेलेला नाही. स्वयंपाकघरातून उठून नदीवर जाणं इथे अंगणात जाण्याइतकं सहज आहे. हे नीट बघून घ्या. पुढच्या वर्षी १२ जुलैला पानशेतचं मातीचं धरण फुटेल, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं धरणही जाईल आणि हेच पाणी घाट चढून माजघरात शिरेल. वाड्याचं जोतं दगडी आहे, पण वरच्या भिंती मातीच्या. त्या भिजल्या की बसतात. तुम्हाला हे ठाऊक आहे, तिला नाही. आणि सांगायला गेलात तरी अशा लख्ख उन्हात कोण विश्वास ठेवणार?

"चल गं, ऊन चढेल!"

ओंकारेश्वरावरून शनिवारवाड्याकडे निघा. रस्त्यात टांगे आहेत, अधूनमधून पीएमटीची बस आहे, बाकी सगळ्या सायकली. पुण्याच्या पेठा बघाव्यात त्या सायकलवरूनच, असं माझं ठाम मत आहे. पायी गेलं तर दिवस पुरत नाही आणि मोटारीतून बोळ दिसत नाहीत. सायकलवर बोलताही येतं. ही तर सारखी बोलतेच आहे: परीक्षा, थोरल्या बहिणीचं ठरलेलं लग्न, पाच महिन्यांपूर्वी राज्य झालं तेव्हा वाड्यात वाटलेले पेढे.

कसबा पेठेत शिरलात की तांबट आळी आधी ऐकू येते, मग दिसते. दिवाळीच्या तोंडावर बंब आणि घंगाळी हवी असतात, त्यामुळे रविवार असूनही ठोके थांबलेले नाहीत. एका दारात उभ्या राहा. एक म्हातारे तांबट जमिनीवर बसलेत, समोर लोखंडी दांड्यावर आडवा घातलेला हंडा. डावा हात हंडा रेसभर फिरवतो, उजवा हातोडी मारतो. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला खेटून पडतो. ना वर चढत, ना मध्ये फट राहत. एक वेढा पुरा झाला की त्याखाली दुसरा. याला मठारणं म्हणतात. दिसायला सुंदर दिसतं म्हणून ते करतात असं वाटतं, पण ठोक्यांनी तांबं दबून कडक होतं, पातळ पत्र्याला ताकद येते, हे त्यामागचं खरं काम. प्रत्येक खळग्यात दाराचा उजेड वेगळा चमकतो. ते तुमच्याकडे बघत नाहीत. आवाज किंचित बदलला तेव्हा मात्र थांबतात, तिथे अंगठा फिरवतात आणि पुन्हा सुरू करतात. तुम्ही दोघी किती वेळ उभ्या आहात याचं भान तुम्हाला राहत नाही.

तिथून कुंभारवाडा जवळच. मैत्रीण एकेक पणती उचलून टिचकी मारते. बद्द वाजली की बाजूला. दोन डझन होतात. वाड्यातल्या मुलांसाठी मातीचे चार मावळे आणि सिंहासनावरचे महाराज. पैसे देताना तिच्या तोंडी अजून आणेच येतात, आणि मग नये पैशांचा हिशेब.

जेवायला सदाशिव पेठेत, नदीपासून लांब, उंचावरच्या भागात तिच्या मावशीकडे. अळूचं फदफदं, गरम भात, मग ताक. हात धुताना परसातल्या आडाकडे बोट दाखवून काका म्हणतात, "दिवाळी झाली की हा बुजवून टाकणार. नळ आलाय. शिवाय पानशेतचं धरण झालं की पाण्याला तोटा नाही."

"बुजवू नका," तुम्ही पटकन म्हणता.

"का हो?"

तुम्हाला आठवतं की दोन्ही धरणं गेल्यावर शहराचे नळ कोरडे पडणार आहेत आणि पेठांमधल्या आडांवर रांगा लागणार आहेत. "असू दे, काका. जिवंत झरा आहे. एक वर्ष तरी राहू द्या."

मावशीला ते लगेच पटतं. ती इतकी वर्षं हेच म्हणत होती.

दुपारी पर्वती. कालव्याशी सायकली लावून वर चढा. पानिपतानंतर नानासाहेब पेशवे इथेच गेले, १७६१ साली. खाली कौलांची, झाडांची, देवळांच्या कळसांची दाटी आहे, आणि नैर्ऋत्येला सिंहगड. सहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर एका नजरेत मावतंय. सहकारनगर, गोखलेनगर अजून नाहीत. पूरग्रस्तांसाठी ती वसायची आहेत. मैत्रीण आपल्या वाड्याचं कौल शोधते आणि तिला ते सापडतंही.

संध्याकाळी वाड्यात परतल्यावर ती माजघरातल्या फडताळाखालून एक लाकडी पेटी ओढून दाखवते. आजोबांनी जमवलेले मोडी कागद, दौलतीचे काही हिशेब, एक पोथी, आईच्या लग्नाचा एकुलता एक फोटो.

"ही इथे नको," तुम्ही म्हणता. "मावशीकडे माळ्यावर ठेवू या."

"का गं?"

"नदीची ओल लागते."

ती तळाचा कागद उचलून बघते. कडा खरोखरच पिवळी पडून मऊ झाली आहे. ती आईला हाक मारते, आई विचार करते, मग सुतळी काढून देते. पेटी तुमच्या कॅरिअरवर चढते, दोन वेढे, घट्ट गाठ. पणत्यांची टोपली तुळशीपाशी राहते आणि तुम्ही दोघी पुन्हा बाहेर पडता.

"अगं, तुझ्या सायकलला दिवा नाही!" ती कोपऱ्यावर ओरडते. "लक्ष्मी रोडवर पोलीस असतो. बोळांतून चल, माझ्या मागे राहा. पेटी हलली तर सांग, मी थांबते."